डिस्क ब्रेकचा कॅलिपर उतरवणं, खोलणं आणि परत बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातल्या दुचाकीवाल्यांकडून हे प्रश्न येत राहतात, पावसाळ्यात तर जरा जास्तच. उत्तरं मुख्यतः मोटरसायकल आणि स्कूटरच्या पुढच्या डिस्क ब्रेकची आहेत. कार आणि सायकलचे अपवाद शेवटाकडे घेतलेत. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

१. कॅलिपर म्हणजे नेमकं काय? आत असतं काय?

डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो तो कॅलिपर. लिव्हर दाबला की हँडलवरचा मास्टर सिलिंडर (लिव्हरने चालणारा छोटा पंप) ब्रेक ऑइल नळीतून खाली ढकलतो, त्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो आणि पॅड डिस्कवर टेकतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर पिस्टन एकाच बाजूला असतात. तो पॅड टेकला की अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि पलीकडच्या पॅडला डिस्कवर ओढून आणतो. म्हणजे हलणाऱ्या जागा दोनच, पिस्टन आणि पिना. कॅलिपरची बहुतेक दुखणी यांपैकीच एका जागी सापडतात.

पिस्टनभोवती दोन रबरी कड्या बसतात. बाहेरची डस्ट सील धूळपाणी अडवते. आतली, चौकोनी छेदाची सील ऑइल अडवते, पण तिचं दुसरं काम फार जणांना ठाऊक नसतं. ब्रेक दाबताना ती पिस्टनबरोबर थोडी वाकते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. पिस्टन मागे खेचायला आत स्प्रिंग वगैरे काही नसते. त्यामुळे ऑइलचा थेंबही गळत नसताना, केवळ सील कडक झाल्यामुळे ब्रेक चिकटून राहू शकतो.

२. कॅलिपर खोलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हाताने फिरवा. पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो, चाक अडायला नको. ब्रेक दोनचारदा दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. आता अडलं तर काहीतरी चिकटतंय.

मग पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. एक पॅड झिजलेला आणि दुसरा जाडच असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही. दोन पिस्टनच्या कॅलिपरमध्ये पॅड एका टोकाला पाचरीसारखा निमुळता झिजला असेल तर बहुधा एक पिस्टन जाम आहे. पिस्टनच्या कडेला ओलसर, चिकट डाग दिसला तर ऑइल गळतंय, आणि मग ती गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

३. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण ओव्हरहॉल करा, म्हणजे कॅलिपर खोलून साफ करा आणि सील बदला. खरंच गरज असते का?

बरेचदा नसते. आधी पिना तपासा. कॅलिपर ब्रॅकेटवर हाताने पुढेमागे सरकवून बघा. अडखळत असेल तर पिना ओढून काढा, जुनं काळं ग्रीस पुसा, रबरी बूट फाटलेत का पाहा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावून परत बसवा. यात हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलची बाजू उघडावी लागत नाही, ऑइलमध्ये शिरलेली हवा काढावी लागत नाही, तासाभरात काम उरकतं. पिना मोकळ्या असूनही पिस्टन बोटांच्या जोराने मागे जात नसेल, किंवा ऑइल गळत असेल, तरच पुढचं वाचा.

४. पुण्याच्या मित्राची तीच गाडी, तेवढीच चाललेली. त्याचा कॅलिपर ठीक, माझाच का जाम?

तुमची गाडी खाडीकाठी राहते म्हणून. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असतो. खारी दमट हवा आणि पावसाचं पाणी डस्ट सीलच्या खाचेत शिरलं की ॲल्युमिनियम गंजतं. हा गंज तांबडा नसतो. पांढरी भुकटी असते, रांगोळीसारखी, फक्त घट्ट चिकटलेली. ती खाचेत साचत जाते, सीलला मागून ढकलते आणि सील पिस्टनला आवळते. पिस्टन चकचकीत, सील नवी, आणि तरी पिस्टन हलत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हीच भुकटी.

पाम बीच रोडवरून रोज जाणारी गाडी असो, घोडबंदरच्या खड्ड्यांतला चिखल खाणारी असो, नाहीतर वंदना टॉकीजपाशी साचलेल्या पाण्यातून काढलेली असो, दुखणं एकच. त्यात पावसाळ्यात गाडी महिनाभर ताडपत्रीखाली उभी राहिली तर आणखी वाईट. चालणाऱ्या गाडीचा पिस्टन निदान हलता तरी राहतो.

यात गॅरेजांचाही एक हात आहे. पॅड बदलताना बाहेर आलेला पिस्टन न पुसताच स्क्रू ड्रायव्हरने आत दाबतात. पिस्टनच्या उघड्या भागावरची सगळी माती त्याबरोबर सीलखाली जाते. पॅड बदलायला दिलात तर आधी पिस्टन ब्रश मारून धुवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

५. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येईल का? काय काय लागेल?

येईल, पण पाऊस कोसळत असताना नको. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं आणि उघड्या कॅलिपरमध्ये उडालेला एक थेंबही नको असतो.

लागणाऱ्या वस्तू : तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचं सील किट, बॅन्जो बोल्टचे (ब्रेकची नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन नवे वॉशर, सीलबंद ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, रिंग पाने, ॲलन की, ब्लीडरवर (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, बाटली, धागे न सुटणारं फडकं. टॉर्क पाना असेल तर उत्तम, नसेल तर मागून आणा. खाली जुनं पुठ्ठं अंथरा. पेव्हर ब्लॉकवर डाग पडला तर सेक्रेटरी दारात येतील ते वेगळंच, पण ऑइल गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर रंगच सोलून निघेल. सांडलंच तर घासत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. हे ऑइल पाण्यात विरघळतं.

६. गाडीवरून उतरवायचा क्रम काय?

कॅलिपर जागेवर असतानाच सगळे घट्ट बोल्ट थोडे सैल करून घ्यायचे. पॅड पिन (पॅड जागेवर धरणारी), बॅन्जो बोल्ट, ब्लीडर, तिन्ही. एकदा कॅलिपर हातात आला की त्याला धरून जोर लावता येत नाही आणि ॲलनची खाच गोल होते. ब्लीडर हलला नाही तर त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. तो पोकळ असतो, फार जोर लावला की तुटून आतच राहतो.

सैल केलेला बॅन्जो आणि ब्लीडर ऑइल गळणार नाही इतपत पान्याने परत आवळा, मग माउंटिंगचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर डिस्कवरून ओढून घ्या. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने हँडलला टांगा. नळी अजून काढायची नाही, का ते पुढच्या उत्तरात.

७. पिस्टन बाहेर कसा काढायचा? टायरवाल्याकडे हवा मारून घेऊ का?

हवा मारू नका, निदान पहिला पर्याय म्हणून तर नकोच. दाबलेली हवा साठवलेली ताकद असते. अडकलेला पिस्टन सुटला की गोळीसारखा सुटतो, आणि त्याच्यासमोर लोकांची बोटं असतात.

नळी जोडलेली ठेवून पॅड काढा आणि लिव्हर हळूहळू पंप करा. पिस्टन आपसूक बाहेर सरकतो. लिव्हरमधून कॅलिपरला मिळणारा दाब टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पिस्टन उडत नाही, कारण ऑइल हवेसारखं दाबलं जाऊन मोकळं होत नाही. हँडलवरची ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका.

दोन पिस्टन असतील तर एक नेहमी आधी धावतो. त्याला लाकडाच्या तुकड्याने आणि सी-क्लॅम्पने अडवा, म्हणजे दुसरा निघेल. एक पूर्ण बाहेर पडला तर सगळा दाब तिथूनच निघून जातो आणि दुसरा आतच राहतो. दोन्ही अगदी कडेला आले की खाली ट्रे धरा, बॅन्जो बोल्ट काढा, नळीच्या तोंडावर स्वच्छ प्लॅस्टिक बांधा आणि पिस्टन हाताने फिरवत ओढा.

८. लिव्हर दगडासारखा लागतो पण पिस्टन हलतच नाही. आता?

आधी तो बाहेरून आत, आतून बाहेर असा केसभर हलवायचा प्रयत्न करा, मध्ये ब्रेक क्लीनर मारत राहा. तेही जमलं नाही तर ग्रीस गन. बॅन्जोच्या जागी त्याच आट्यांचं ग्रीस निपल बसवायचं, ब्लीडर बंद ठेवायचा आणि गनने ग्रीस भरायचं. दाब प्रचंड येतो, आणि सावकाश येतो. पण मग आतलं ग्रीस कणाकणाने काढावं लागतं आणि सगळी रबरं टाकावी लागतात (प्रश्न ९). पिस्टनची बाजू पक्कडीने धरून ओढू नका. त्या ओरखड्यातून पुढे ऑइल गळणार. पक्कड लावायची तर आतल्या पोकळ बाजूने, आणि तेही तो पिस्टन टाकायचाच ठरला असेल तरच.

९. सुटे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतले तर चालतील का?

नाही. ब्रेकची रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांनी ती फुगतात. फुगलेली सील पिस्टन आवळून धरते आणि ज्यासाठी कॅलिपर खोलला तेच दुखणं नव्याने सुरू होतं. धातूच्या भागांना ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. साबणपाणीही चालतं, पण मग भाग पूर्ण कोरडे व्हायला हवेत, ऑइलच्या वाटांमधलं पाणीसुद्धा.

वेळ घालवायचा तो सीलच्या खाचांवर. जुनी सील लाकडी टूथपिकने काढा. खाचेतली पांढरी भुकटी पितळी तारेने किंवा टूथब्रशची दांडी तासून केलेल्या टोकाने खरवडा, पुसा, टॉर्च लावून बघा, परत खरवडा. टोकदार लोखंडी हत्यार नको, खाचेला चरा पडला तर तिथूनच गळेल. खाच साफ झाली की नाही याची खूण सोपी आहे : नवी सील खाचेत बसवल्यावर ती सगळीकडे सारखीच वर डोकावली पाहिजे. एका जागी उंचवटा दिसला तर त्याखाली अजून भुकटी आहे. ओव्हरहॉलचा निम्मा जीव या खाचेत आहे, आणि घाईत सोडली जाते तीही हीच.

१०. पिस्टनवर काळे डाग आणि बारीक खड्डे आहेत. पॉलिश पेपर मारू का?

डाग असतील तर कपडा आणि क्लीनर. नख फिरवल्यावर अडकणारे खड्डे असतील तर पिस्टन नवा घ्या. इथे सील कॅलिपरच्या भिंतीत स्थिर असते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो, म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा. पॉलिश पेपरने क्रोमचा थर गेला की खालचं लोखंड पुढच्या पावसाळ्यात गंजणार. उलट सिलिंडरच्या भिंतीवरचा हलका डाग बारीक स्कॉच-ब्राइटने पुसला तरी चालतो, कारण पिस्टन त्या भिंतीवर घासून ऑइल अडवत नाही. खाचेतच खड्डे पडले असतील तर मात्र कॅलिपर गेला.

११. जुन्या सील चांगल्या दिसतात. त्याच परत टाकल्या तर?

नको. एवढं खोलून तिथेच कंजुषी करण्यात अर्थ नाही.

१२. नव्या सीलला आणि पिस्टनला काय लावून बसवायचं?

ताजं ब्रेक ऑइल, किंवा किटमध्ये छोटी ट्यूब आली असेल तर ती. सील ऑइलमध्ये भिजवा, खाचेत बसवा आणि बोट फिरवून पीळ पडला नाही ना ते तपासा. मग पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी दाबा. तो हाताच्या जोराने जायला हवा. तिरका अडकला तर हातोडी उचलू नका, बाहेर काढा आणि पुन्हा लावा. सिलिकॉन ग्रीस पिनांना. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला कशाचंच बोट लागू देऊ नका.

१३. ब्रेक ऑइल कुठलं? डॉट ३, ४, ५, ५.१ मध्ये फरक काय?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, आपल्या दुचाकींवर बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू डॉट ३ चा २०५, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० अंश सेल्सियस. पाणी शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आपल्या हवेत तर नक्कीच.

डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच जातीची आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, रंगाने जांभळं, आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ यांत गल्लत करू नका. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली कितीही महाग असली तरी वापरू नका.

१४. परत बसवताना कुठे चुकतं?

वॉशरवर. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर दाबले जाऊन जागा धरतात. जुने परत वापरले की पाझरतात, आणि मग माणूस पाझर थांबवायला बोल्ट आवळत सुटतो आणि कॅलिपरचे आटे घालवतो. नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा वॉशर टाका. टॉर्क गाडीगणिक बदलतो. बॅन्जोला बहुतेकदा २५ ते ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास, ब्लीडरला त्याच्या पाव भागाइतका. नळीला पीळ नाही ना हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

१५. हवा काढून काढून हात दुखले, तरी लिव्हर मऊच. काय चुकतंय?

आधी पद्धत. टाकी भरलेली, ब्लीडरला नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. लिव्हर दाबून धरा, ब्लीडर पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलला टेकला की आधी ब्लीडर बंद, मगच लिव्हर सोडा. ही शेवटची जोडी उलटी झाली की कॅलिपर हवा परत ओढून घेतो.

एवढं करूनही मऊ असेल तर हवा वर अडकलेली असते, मास्टर सिलिंडरच्या बॅन्जोपाशी. हँडल असं वळवा की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच जाईल, आणि लिव्हर थोडा थोडा हलवून टाकीत बुडबुडे येतात का बघा. रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवायची युक्तीही बऱ्याचदा लागू पडते. ब्लीडर कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी नसेल तर कॅलिपर उतरवा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला, ब्लीडर वर येईल असा धरून हवा काढा.

सिरिंजने खेचत असाल आणि बुडबुडे थांबतच नसतील तर ते बहुधा ब्लीडरच्या आट्यांतून येणारी बाहेरची हवा आहे. लिव्हर कडक लागतोय ना, मग पुरे.

१६. माझ्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. घरी करू का?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच जणांचा. कॅलिपरचं काम तेच राहतं. टाकी एकदाही कोरडी पडली नाही तर नेहमीच्या पद्धतीनेच हवा निघते. पण हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये शिरली तर बऱ्याच गाड्यांवर ती स्कॅनर जोडून आतला पंप चालवल्याशिवाय निघत नाही. मग सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. चाकाच्या सेन्सरची वायर कॅलिपरजवळून जाते, ती ताणू नका.

१७. सगळं नवं घातलं, तरी ब्रेक चिकटतो. कॅलिपरच खराब का?

ब्रेक चिकटलेला असताना ब्लीडर पाव फेरा उघडून बघा. चाक लगेच सुटलं तर कॅलिपर निर्दोष आहे, ऑइल वर परत जात नाहीये. मग कारणं तीन. मास्टर सिलिंडरमधलं बारीक परतीचं छिद्र तुंबलेलं, लिव्हरला मोकळा खेळच नाही (नवा लिव्हर टाकला असेल तर हेच आधी बघा), किंवा जुनी रबरी नळी आतून सुजलेली. ब्लीडर उघडूनही चाक सुटलं नाही तर प्रश्न ३ आणि ९ कडे परत.

१८. काम करताना पॅडवर ऑइल उडालं. गॅसवर भाजून घेऊ का?

ऑइल पॅडच्या अंगात मुरतं. भाजून वरचं जळतं, आतलं पुढच्या उतारावर बाहेर येतं. पॅड नवे घ्या. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा.

१९. चार पिस्टनचा कॅलिपर दोन भाग बोल्टने जोडून केलेला आहे. मधून उघडू का?

मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल आणि मधल्या छोट्या सील हातात असतील तरच. नाहीतर न उघडताच, एकेक पिस्टन अडवत काम होतं (प्रश्न ७). ते बोल्ट सहज म्हणून फिरवायचे नसतात.

२०. कारच्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही.

हँडब्रेक त्याच कॅलिपरवर असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. त्याचं स्वतंत्र हत्यार मिळतं. सी-क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडेल. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावा.

२१. सायकलच्या हायड्रॉलिक डिस्कलाही हेच ऑइल टाकू का?

लेबल वाचल्याशिवाय नाही. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. त्यात डॉट ४ टाकलंत तर सील जातील, आणि डॉटवाल्यांत मिनरल टाकलंत तरी तेच.

२२. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना कॅलिपर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

घ्यायला हरकत नाही, पण बाहेरून मारलेला रंग बघून घेऊ नका. ब्लीडर फिरतो का, बॅन्जोचे आटे धड आहेत का, पिस्टन हाताने जरा तरी हलतो का, हे तिथेच बघा. पिस्टनचा व्यास तुमच्या जुन्याइतकाच हवा. मोठा पिस्टन असला तर त्याच मास्टर सिलिंडरवर लिव्हर जास्त आत जाईल. आणून थेट बसवायचा नाही, नव्या सील त्यालाही लागतात.

२३. काम झालं. आता थेट ऑफिसला नेऊ का?

आधी उभ्या गाडीवर लिव्हर पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा, मग बॅन्जो आणि ब्लीडरवर कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू ओला झाला तर गाडी हलवायची नाही. कोरडा असेल तर सोसायटीच्या आत चालण्याच्या वेगात दोनचार ब्रेक, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ३०-४० च्या वेगातून दहाएक मध्यम ब्रेक, मध्ये डिस्क थंड होऊ देत. गायमुखचा घाट किंवा पारसिकचा उतार त्यानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिश्यू फिरवा, टाकीची पातळी बघा. जुनं ऑइल बाटलीत बंद करून, जिथे वापरलेलं इंजिन ऑइल जमा करतात त्या गॅरेजला द्या, गटारात ओतू नका. आपली गटारं खाडीला मिळतात.